वर्ध्यातले जहाजवाले सर

सकाळी गॅसवरून चहाचं भांडं उतरवताना काकू रोज एकच प्रश्न विचारायच्या, "आज कोन जखमी हाय?"

मधल्या खोलीतून सरांचं उत्तर यायचं. कधी "उजवा डोळा," कधी "डावा हात, मनगटापासून," तर कधी नुसतंच "पाय." त्या उत्तरावर काकूंचा दिवस ठरायचा. हात असला तर पोळीचे तुकडे करून वाढायचे, डोळा असला तर स्कूटरची किल्ली लपवायची, आणि पाय असला तर वाटेतल्या बादल्या उचलून ठेवायच्या, कारण सर घरभर लंगडी घालत फिरायचे. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले तेव्हा मला वाटलं, नवरा-बायकोची काहीतरी थट्टा चाललीय. थट्टा कसली! हा रिटायर झालेला इतिहासाचा मास्तर खरोखर एक हात अंगाला सुतळीनं बांधून दिवस काढायचा.

खोली पाहायला मी आणि बाबा आंजीहून आलो होतो. वर्ध्याच्या एका नर्सिंग कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजच्या जवळ खोली हवी होती. सरांनी फाटक उघडलं ते डोळ्याला रुमाल बांधून. बाबांनी काळजीनं विचारलं, "डोळ्याले काय झालं जी?"

"मले काई नाई झालं," सर म्हणाले. "एका खलाशाचा गेलता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. पण खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं, आणि काकूंनी तोवर आम्हाला बसवून पोहे पुढे ठेवले होते. परत जाताना बाबा फाटकाशी हळूच म्हणाले, "मास्तर जरा बह्याड हाय, पन मानूस साफ दिसते. राह्य तू इथं."

फाटकाशी म्हटलं खरं, पण ते फाटक म्हणजे एक संकटच होतं. चांगली लोखंडी कडी होती, ती सरांनी काढून टाकली आणि तिथे जाड दोराची गाठ बसवली. ही गाठ म्हणे वादळात जहाजावरचा माणूस एका हातानं सोडायचा. मला पहिले कित्येक दिवस ती दोन हातांनी सुटली नाही. कॉलेजला उशीर होऊन मी दातओठ खात उभी, आणि सर ओट्यावरून वर्गात शिकवावं तसं सांगतायत, "वढू नको. अगुदर ढील दे. ढील देल्ल्याबिगर गाठ सुटत नाई." दूधवाल्यानं तर नाद सोडला होता. तो पिशवी फाटकाला लटकवून घंटी वाजवायचा आणि पुढे जायचा. हात बांधलेल्या दिवशी कधीकधी सर स्वतःच बाहेर अडकायचे आणि रस्त्यावरून बायकोला हाका मारायचे. गल्लीतली सगळी त्यांना जहाजवाले सर म्हणत. आमच्या घरचा पत्ता सांगतानाही तेच सांगावं लागे.

उंच, किंचित वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी दोरीचा तुकडा. बोलताना बोटं सतत त्या दोरीच्या गाठी मारायची आणि सोडायची. चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी छेडायचंच, "सर, वर्ध्यात समुद्र कुठून आनता?"

"शाळेत भूकंप शिकले ना तुमी? वर्ध्यात कितीदा झाला?" सर विचारायचे आणि शांतपणे बशीतला चहा प्यायचे.

त्यांचं समुद्राशी नातं काय, तर एकदा शाळेची सहल घेऊन ते मालवणला गेले होते. तेवढंच. ती गोष्ट काकूंच्या तोंडून ऐकावी. किल्ल्याकडे जायच्या होडीत पोरं मजेत बसलेली आणि सरांनी काठाला धरून ओकून ओकून जीव हैराण केलेला. सोबत गेलेल्या काकूंनी त्यांचं डोकं धरलं होतं. "तोंड हिरवंगार पडलं वं, अन् मान वर करून म्हंतात काय, बिचारे कसे लढत असन."

त्या बिचाऱ्यांची भेट त्यांना कागदांतून झाली होती. सरांना मोडी वाचता यायची. मराठी आरमाराच्या लढायांवर काहीतरी लिहावं म्हणून त्यांनी पुण्याच्या एका मित्राकडून जुन्या कागदांच्या झेरॉक्स मागवल्या. मित्रानं लढाया पाठवल्याच नाहीत, पाठवल्या जखमींच्या याद्या. अमुक खलाशाला गोळी लागली, तमुक तांडेलाचा हात गेला, त्याला काय दिलं, मेलेल्याच्या पोरांच्या पालनपोषणाला काय लावून दिलं. सरांनी त्या कंटाळत वाचायला घेतल्या, आणि एका हात गेलेल्या माणसापाशी त्यांची गाडी अडली ती कायमची.

"कोन्ता हात गेला, थे लिहिलंच नाई वं," ते मला पहिल्यांदा सांगत होते तेव्हासुद्धा त्यांचा आवाज चढला होता, जसा काही कारकून शेजारच्या खोलीत बसला होता. "भरपाई देल्ली, शिक्का मारला. उजवा का डावा? दोर वढनारा होता का सुकानूवर बसनारा? त्याचं काय काय अडलं? कोनाले पडलं नाई."

तिथून हा माणूस जगभर फिरला, अर्थात वर्ध्यात बसून. नागपूरच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून त्यांनी इंग्रजांच्या शिडाच्या जहाजांचा हिशेब वाचला. तिथं खलाशांच्या पगारातून दरमहा थोडं कापून एका लोखंडी पेटीत टाकत, आणि जखमींना त्यातून पेन्शन देत. पेटीला अनेक कुलपं, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. जखमी माणसानं डॉक्टरचा कागद घेऊन तिथवर जायचं आणि जखम दाखवायची. काही काळानं पुन्हा जायचं, पुन्हा दाखवायची. "म्हंजे पाय तुटेल मानसानं जाऊन दाखवायचं का बावा, अजून उगोला नाई," सर म्हणायचे. त्यावर काकू आठवण करून द्यायच्या की सरसुद्धा दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं दाखवून येतात.

तर या सगळ्या वाचनातून सरांना एकच गोष्ट पटली होती. गेलेल्या अवयवाचा भाव लावणाऱ्यांपैकी कोणीही त्या अवयवाशिवाय एक दिवससुद्धा काढून पाहिला नव्हता. ते काम आता आपण करायचं. म्हणून तो रुमाल, ती सुतळी, ती लंगडी. दिवसभर बांधून ठेवायचं आणि संध्याकाळी लिहायचं, काय काय अडलं. यातून त्यांनी एक मोठा सिद्धांत काढला होता. जगातल्या झाडून सगळ्या राज्यांनी उजव्या हाताला डाव्यापेक्षा जास्त भरपाई दिली, आणि ती सगळी राज्यं चुकली. उजवा हात गेल्यानं माणसाचं विशेष अडत नाही. डावा गेला की मात्र तो पार लुळा पडतो. सरांनी हे स्वतः करून पाहिलं होतं, पुन्हापुन्हा पाहिलं होतं. नागपूरला एका व्याख्यानात त्यांनी ते ठासून मांडलंही होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी तेव्हा त्यांना हसायचे. हसायचे म्हणजे तोंडावर नाही, पण खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून हसायचे.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी घरी गेले आणि माझी दोन बोटं गेली. उजव्या हाताची, अंगठ्याजवळची दोन. ढोरांसाठी कडबा कापायची कुट्टी मशीन आमच्या गोठ्यात होती, विजेवरची. मी पेंढी सारत होते, बाबांनी बटन दाबलं. आणखी काही सांगण्यासारखं नाही. आमच्या भागात दर गावात असा एखादा हात आहे.

जखम भरल्यावर कॉलेजच्या प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला तुझं वाईट वाटतं, पण माझ्या वाईट वाटण्यानं पेशंटची शीर सापडत नाही. प्रॅक्टिकलपर्यंत थांबते. त्या दिवशी माझ्यासमोर पेशंटला सलाईन लावून दाखव. लावलंस तर पुढच्या वर्षात जाशील. नाही जमलं तर मी तुला वॉर्डात सोडणार नाही, दुसरं काहीतरी शिक."

मला दुसरं काही शिकायचं नव्हतं. शाळेत असल्यापासून मला नर्सच व्हायचं होतं. आणि आता साधी वेणी घालता येत नव्हती. सुई धरायची ती अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांत, आणि नेमकी तीच नव्हती.

गावात लोक माझ्याशी बोलताना छताकडे पाहायचे. बसमध्ये शेजारची बाई पदर सावरून सरकायची. काकूंनी मला पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. सर मात्र खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "दाखव इकडं." मी हात ओढणीआड घेतला. "दाखव तं खरी," ते म्हणाले. मग त्यांनी तो आपल्या तळहातावर घेऊन उलटासुलटा पाहिला, चष्मा वर करून, जवळून, न घाबरता. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"समुद्रातल्या चाच्याइचा नियम मालूम हाय का तुले? लुटीले निंगायच्या आंधीच थे ठरवून ठेवत, कोनाचं काय गेलं तं काय द्याचं. त्याच्यात एका बोटाले अन् एका डोळ्याले सारकाच भाव. म्हंजे त्याइच्या हिशेबानं तुहे दोनी डोळे गेले."

काकूंनी आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. माझं डोकं सणकलं.

"सर," मी म्हटलं, "तुमी सकाळी सुतळी बांधता अन् सांजच्याले सोडून जेवाले बसता. माही सुतळी कोन सोडन?"

हातातली दोरी सरांनी खिशात ठेवली आणि उठून आत गेले. त्या दिवशी ते चहालाही बाहेर आले नाहीत. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सरांनी उजव्या हाताची दोन बोटं दुमडून वर चिकटपट्टी लावलेली. माझीच दोन. काकूंकडून लसणाची टोपली मागून घेऊन ते माझ्यासमोर बसले आणि सोलायला लागले. भराभर सोलले. अर्धी टोपली झाल्यावर म्हणाले, "पाह्य. जमते का नाई? उजव्याचं एवढं काई अडत नाई, मी म्हनत होतो."

मी पाहतच होते. नख लावत होता डावा हात. फोतर काढत होता डावा हात. चिकटपट्टीवाला उजवा नुसता टोपली धरून बसला होता. इतक्यात टोपली मांडीवरून घसरली आणि सरांनी ती खाली पडायच्या आत झेलली. डाव्याच हातानं.

"सर, तुमी डावखुरे आहा," मी म्हटलं.

"नाई. मी उजव्यानं लिहितो."

"लिहिता उजव्यानं. बाकी समदं डाव्यानं करता. फाटकाची गाठ डाव्यानं सोडता, आंगोळीचा तांब्या डाव्यानं घेता, चहाची बशी डाव्यानं धरता."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "लग्नात मंगळसूत्र घ्याले बी डावाच हात पुढं केलता," त्या म्हणाल्या. "भटजी केवढा बोलला तुमाले."

"मंग मले सांगतलं काऊन नाई इतके वर्सं?"

"मले काय सपन पडलं होतं का, तुमी त्याचा हिशेब करून राह्यले म्हून."

मग सरांना हळूहळू आठवत गेलं. लहानपणी मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारून मारून पाटीवरची लेखणी उजव्यात दिली होती. लिहिणं उजवीकडे गेलं, बाकीचा माणूस डावीकडेच राहिला, आणि ते स्वतःच विसरून गेले. म्हणजे उजवा बांधला की त्यांचं काही अडत नव्हतं ते यामुळे. सगळी राज्यं बरोबर होती. खलाशी बरोबर होते, चाचे बरोबर होते. वर्ध्याचे सर तेवढे चुकले होते, आणि वर नागपूरला जाऊन टाळ्या घेऊन आले होते.

आधी ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि त्यांचं पाहून काकू हसल्या, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा मीही हसले. मग त्यांनी कपाटातून उजव्या हाताची सगळी पानं काढली आणि प्रत्येकावर आडवी रेघ मारली. फाडली नाहीत. मला वाटलं म्हातारा खचला. पण ते कोरं पान घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"माह्या बांधून काई होत नाई," ते म्हणाले. "आता तू सांग. काय काय अडते?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. दुखतं का हे विचारलं होतं, कसं झालं हे विचारलं होतं, आता लग्नाचं कसं हेसुद्धा विचारलं होतं. मी सांगायला लागले. वेणी. पिन. बटन. पेन. पुडीची गाठ. दारावरची साखळी. सर लिहीत गेले. मध्येच हात वर करून थांबवायचे आणि विचारायचे, "बटन लावता येत नाई का काढता येत नाई?" माझ्या लक्षात आलं की लावता येत नाही, काढता येतं. मग पुढचा प्रश्न, "काढताना कोन्तं बोट वापरते?" अंगठा आणि करंगळीजवळचं. "मंग थे कामाचं हाय," सर म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून ते बोट आणि अंगठा यांची तालीम सुरू झाली. सर मला ओल्या दोराच्या गाठी सोडायला द्यायचे. आधी जाड दोर, मग सुतळी, मग शिवणाचा दोरा. बोट सुजायचं, मी चिडायचे, दोर फेकून द्यायचे. सर तो उचलून पुन्हा समोर ठेवायचे. हळूहळू त्या बोटात जोर आला. मग मी सलाईनच्या सुया आणल्या आणि आधी उशीत, मग रबराच्या नळीत टोचून पाहिल्या. जमायला लागलं. पण उशी हलत नाही आणि उशीच्या शिरा सरकत नाहीत.

एका सकाळी काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज कोन जखमी हाय?" आणि सर म्हणाले, "आज मी." शर्ट अर्ध्या बाह्यांचाच होता. त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "टोच."

मॅडमना हे कळलं असतं तर त्यांनी मला प्रॅक्टिकलच्या आधीच काढून टाकलं असतं. पण मी टोचलं. चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलं. सर एकदाही हात मागे घेत नव्हते, फक्त तोंडातल्या तोंडात सगळ्या गाठींची नावं म्हणत राहायचे. त्यांचे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत हिरवेनिळे झाले. दूधवाल्यानं काकूंना बाजूला घेऊन विचारलं की सरांना कोणता मोठा आजार निघाला. गल्लीत बातमी पसरली आणि दोन-तीन जण फळं घेऊन भेटायला आले. सरांनी फळं ठेवून घेतली.

काकूंनी मात्र माझ्याशी बोलणं कमी केलं. एक दिवस त्या स्पष्टच म्हणाल्या, "थ्या मानसाले नाई म्हनता येत नाई, तुले तं समजते ना?" मला समजत होतं. त्यांच्या हाताकडे पाहून मला रात्री जेवण जात नव्हतं. मी बाबांना फोन केला आणि सांगितलं की मला जमत नाही, घ्यायला या.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले. मी बॅग भरून बसले होते. सरांनी बाबांना पाणी दिलं आणि त्यांच्याजवळचा सगळ्यात चांगला दाखला काढला. ते म्हणाले, "पाहा भाऊ, त्या शिडाच्या जहाजांवर एखाद्या खलाशाचा पाय गेला तरी त्याले घरी बसवतच असं नाई. पुष्कळदा त्याले जहाजावरच सैपाकी करत. मानूस कामातून गेला असं नसते."

बाबांनी विचार केला. "मंग बरोबरच हाय जी," ते म्हणाले. "सैपाकच कराचा तं घरी करन. घरी तिची माय हाय, भाऊ हाय."

इतकी वर्षं जमवलेल्या माहितीचा असा उपयोग होईल हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून दोरी काढली आणि तिची एक गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. बाबांनी माझी बॅग उचलली.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या. पदराला हात पुसले, माझ्यासमोर खुर्ची ओढली, आणि हात टेबलावर ठेवून डोळे गच्च मिटले. "टोच वं," त्या म्हणाल्या.

काकूंना सुईची इतकी भीती होती की तापानं फणफणल्या तरी त्या डॉक्टरकडे गोळ्याच मागायच्या. हात गुबगुबीत, शीर दिसेना. मी म्हटलं, "काकू, राहू द्या." त्या म्हणाल्या, "बोलू नको, टोच." मी टोचलं आणि चुकलं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण डोळे त्यांनी उघडले नाहीत. दुसरा हात पुढे केला. या वेळी मी डोळ्यांनी शोधणं सोडलं आणि त्या तालमीतल्या बोटानं चाचपत गेले. खाली एक शीर लागली. अंगठ्यात आणि त्या बोटात सुई धरली, टोचली, आणि सुईमागच्या नळीत रक्त दिसलं, म्हणजे लागली. सर खुर्चीवरून अर्धे उठले होते ते तसेच राहिले.

बाबा सगळा वेळ दाराबाहेर पाहत होते. बटन त्यांनी दाबलं होतं ना. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हाताकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ताट वाढताना ताटाकडे पाहायचे, पैसे देताना पैशांकडे पाहायचे. मला ते माहीत होतं आणि मी कधी बोलले नव्हते.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "इकडं पाहा. पोरीचा हात हाय, साप नाई."

बाबांनी पाहिलं. आधी सुईकडे, मग रक्ताकडे, मग माझ्या हाताकडे. बराच वेळ पाहत राहिले. मग बॅग खाली ठेवून ते काकूंच्या खुर्चीशेजारी आले, सदऱ्याची बाही वर सारली आणि म्हणाले, "माह्या हातात लाव."

शेतकऱ्याचा हात, शिरा वर आलेल्या. कोणालाही लागली असती. पण मला नीट दिसत नव्हतं, कारण मी रडत होते. तरी लागली. बाबा शेवटपर्यंत पाहत होते, आणि मी कापूस दाबून धरला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं माझी उरलेली बोटं धरून ठेवली. दुपारच्या एसटीनं ते एकटेच परत गेले. जाताना फाटकाची गाठ त्यांना सुटली नाही, ती सरांनी सोडून दिली.

सर अजून आहेत, ठणठणीत आहेत. सुतळी बांधणं त्यांनी सोडलं. आता ते आधी आरमारातल्या जखमींची पानं वाचतात आणि मग स्कूटर काढून गावोगाव जातात. पुलगावकडे, सेलूकडे, आमच्या आंजीलाही येऊन गेले. कुट्टीत, मळणीयंत्रात, करवतीत ज्याचं काही गेलं असेल त्याच्या ओट्यावर जाऊन बसतात आणि विचारतात, काय अडते आणि काय जमते. त्यांचं म्हणणं असं की तांडेलाचा कोणता हात गेला हे आता कळणार नाही, पण हात गेलेला माणूस दिवस कसा काढतो हे कोणी विचारलं तर कळतं. लोक आधी हसतात, मग बोलायला लागतात, आणि बोलता बोलता एकमेकांना युक्त्या सांगतात. पुलगावकडच्या एकानं एका हातानं बैल जुंपायची रीत काढली, ती सरांनी पाच गावांत पोचवली. पुस्तक कधी छापून होणार असं विचारलं की म्हणतात, "मानसं सरत नाईत ना वं."

परीक्षेचं सांगायचं राहिलं. तोवर घरच्यांच्या हातांवर तालीम चालूच होती, आणि सुई चुकण्यापेक्षा लागायची जास्त.

त्या दिवशी सर, काकू आणि बाबा तिघंही दवाखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभे होते, पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही म्हणून. मी एकटी वॉर्डात गेले. मॅडम खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. खाटेवर एक म्हातारबाबा होते, कुठल्यातरी लांबच्या खेड्यातले, तोंड सुकलेलं. मी हात धुतले, ट्रे मांडला, त्यांच्या दंडाला पट्टा बांधायला गेले आणि त्यांना माझा हात दिसला. त्यांनी आपला हात झटकन चादरीत ओढून घेतला.

"ओ बाई," ते मॅडमना म्हणाले, "दुसरी सिस्टर नाई का?"

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या.

याची तालीम आम्ही केली नव्हती. घरी सगळ्यांनी आपणहून हात पुढे केले होते. मला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि वाटलं की झालं, इथंच संपलं. मग मी ट्रे खाली ठेवला, स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसले, आणि माझा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"पाहून घ्या बाबाजी," मी म्हटलं. "निवांत पाहा. कुट्टीत गेली दोन बोटं. उरलेल्याइनं मी सलाईन लावते."

त्यांनी पाहिलं. पालथा करायला लावला, पुन्हा पाहिलं. "पयल्याच बारी लागते का?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक येळा लागते," मी म्हटलं. "दर येळी नाई."

म्हातारबाबा विचारात पडले. मग चादरीतून हात बाहेर आला. "खोटं तं नाई बोलली," ते मॅडमना म्हणाले, "लावू द्या तिले."

शीर बारीक होती. मी बोटानं चाचपली, थांबले, पुन्हा चाचपली. सुई आत गेली आणि रक्त दिसलं. नळी जोडली, पट्टी लावली, आणि वर बाटलीखालच्या नळीत पहिला थेंब पडला. मी उभी राहिले.

मॅडम जवळ आल्या. त्यांनी थेंबांकडे पाहिलं, चाकी फिरवून वेग थोडा कमी केला, पट्टीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "अजून एक पट्टी लाव, यांचा हात हलतो. आणि आटप लवकर, पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचं इंजेक्शन राहिलंय."

पलीकडच्या खाटेवरच्या बाई माझ्या परीक्षेत नव्हत्या.